मृतांच्या घरची चूल

लंडनपासून तासाभराच्या अंतरावर राहणाऱ्या एका ओळखीच्या मराठी कुटुंबाकडे रात्री जेवायला गेले होते. जेवण आटोपल्यावर यजमान मला दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटापाशी घेऊन गेले. आत मंद दिव्याखाली एक मातीचा घोडा उभा होता. खोगिराखालचे वस्त्र हिरवे, अंग मधासारखे पिवळसर तपकिरी, आणि मानेवरून खाली ओघळत येऊन छातीपाशी थांबलेला दुधी रंगाचा एक थेंब. चीनमधल्या तांग राजवटीच्या काळातला, म्हणजे बाराशे वर्षांपूर्वीचा. यजमानांनी कपाट उघडले, घोडा दोन्ही हातांनी अलगद उचलला आणि माझ्यासमोर उलटा धरला. पोटाला अंडाकृती मोठे तोंड होते. आतून घोडा पोकळ होता आणि साच्यात माती दाबणाऱ्या बोटांचे ठसे तिथे अजून दिसत होते. यजमानांना मात्र दुसरेच काही दाखवायचे होते. मागच्या पायाच्या आतल्या बाजूला त्यांनी बोट ठेवले. तिथे एक बारीक, नितळ गोल भोक होते. "इथून चूर्ण काढून प्रयोगशाळेत तपासलंय. सर्टिफिकेट आहे माझ्याकडे. आता कुणी खोटा म्हणू शकत नाही," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात कौतुक होते आणि ते खरे होते. वस्तूवर त्यांचा जीव आहे हे दिसत होते. मीही घोड्याची मनापासून स्तुती केली. पण परतीच्या गाडीत बसले आणि ते भोक डोळ्यांपुढून हलेना.

त्या भोकामागचे विज्ञान सुंदर आहे. मातीत गारगोटीचे सूक्ष्म स्फटिक असतात. आजूबाजूच्या मातीतला नैसर्गिक किरणोत्सर्ग त्या स्फटिकांमध्ये वर्षानुवर्षे थोडी थोडी ऊर्जा साठवत जातो. माती भट्टीत तापली की ही साठवण प्रकाश होऊन निघून जाते आणि हिशेब पुन्हा शून्यापासून सुरू होतो. प्रयोगशाळेत चिमूटभर चूर्ण पुन्हा तापवतात, त्यातून निघणारा अंधूक प्रकाश मोजतात, आणि ही माती शेवटची केव्हा तापली होती याचा अंदाज बांधतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ऑक्सफर्डमध्ये ही पद्धत घडत गेली आणि चिनी थडग्यांतल्या मातीकामाच्या बाजारात तिच्याशिवाय पान हलेनासे झाले. म्हणजे त्या घोड्याच्या अंगात बाराशे वर्षांचा अंधार साठलेला होता, आणि त्यातला चिमूटभर अंधार तापवून कुणीतरी त्याची किंमत ठरवली होती. विक्रेता आणि ग्राहक यांच्यातल्या विश्वासासाठी हे भोक आवश्यक असते, हे मला समजते. तरीही प्रश्न उरला. हा घोडा ज्याच्यासाठी घडवला गेला, त्याला त्याच्या खरेपणाचा पुरावा कधीच लागणार नव्हता.

थडग्यात ठेवण्यासाठी खास घडवलेल्या या वस्तूंना चिनी भाषेत मिंगची म्हणतात. त्यांच्याविषयी सर्वांत खोल विचार कुंभारांनी किंवा राजांनी नव्हे, तर कन्फ्यूशियसच्या परंपरेतल्या विचारवंतांनी करून ठेवला आहे. लीजी या प्राचीन विधिग्रंथात कन्फ्यूशियसच्या तोंडी एक विधान येते. मृताला पाठवताना तो पुरता मेलाच आहे असे वागलो तर ते निर्दयपणाचे ठरेल, आणि तो जिवंतच आहे असे वागलो तर ते अडाणीपणाचे ठरेल. दोन्ही करू नये. म्हणून मृतांसोबत द्यायच्या वस्तू मुद्दाम अपुऱ्या ठेवाव्यात, असे तिथे सांगितले आहे. बांबूच्या वस्तू वापरता येणार नाहीत अशा, मातीची भांडी हात-तोंड धुवायला वापरता येणार नाहीत अशी. तंतुवाद्यांना तारा असाव्यात, पण त्या सुरात लावलेल्या नसाव्यात. घंटा असाव्यात, पण त्या टांगायला चौकट नसावी. मी हा उतारा पहिल्यांदा वाचला तेव्हा बराच वेळ पुढचे पान उलटू शकले नाही. दुःखाचा इतका नेमका विचार करून, त्यातून वस्तू कशी घडवावी इथपर्यंत पोचलेले लिखाण मी फार थोडे वाचले आहे. वाद्य द्यायचे, कारण त्याला संगीत आवडत असे. सूर लावायचा नाही, कारण तो आता वाजवणार नाही, आणि हे आपल्याला ठाऊक आहे. त्याच परंपरेतला श्युनझी सांगतो की मृताच्या वस्तू थडग्याकडे नेताना माणूस घर बदलत असल्यासारखा देखावा केला जातो. रूप सगळे तेच, फक्त उपयोग काढून घेतलेला.

माझ्या आजोबांच्या अंत्यविधीच्या वेळी मी लहान होते आणि स्मशानात मला कुणी नेले नसते, पण गावातले स्मशान नदीकाठी, आमच्या माळवदावरून दिसेल असे होते. काकांच्या खांद्यावर पाण्याने भरलेले मडके होते. ते चितेभोवती फेरी घालत होते आणि प्रत्येक फेरीला मागून कुणीतरी मडक्याला दगडाने भोक पाडत होते. पाण्याची बारीक धार जमिनीवर गोल रेष काढत गेली. तिसऱ्या फेरीनंतर काकांनी मागे न पाहता मडके पाठीमागे सोडून दिले. ज्या कुंभाराने ते घडवले त्याने नेहमीच्या मडक्याइतकेच ते नीट घडवले असणार, चाकावर तेवढाच वेळ दिला असणार. ते घोड्याच्या पायातले भोक पाहिले तेव्हा मला हे मडके आठवले आणि माझ्या अस्वस्थतेचे मूळ थोडे हाती लागले. एक भोक वस्तूचा उपयोग संपवण्यासाठी पाडलेले, दुसरे तिचे मोल वाढवण्यासाठी.

चीनमध्ये या मातीच्या वस्तू आल्या त्यामागे एक भयंकर इतिहासही आहे. आन्यांगजवळच्या, प्राचीन शांग घराण्यातल्या राजांच्या थडग्यांत राजासोबत मारून पुरलेल्या माणसांचे सांगाडे सापडले. त्यानंतर कित्येक शतकांनी, इ.स.पू. 433 च्या सुमारास, झेंग राज्याचा अधिपती यी याला पुरले तेव्हाही 21 तरुण स्त्रिया त्याच्याबरोबर थडग्यात गेल्या. ते थडगे 1978 मध्ये हुपेई प्रांतात उघडले, आणि जग त्यातल्या काशाच्या घंटांचे कौतुक करत असताना मला त्या 21 पेट्या अधिक आठवत राहतात. चिन राज्याने इ.स.पू. 384 मध्ये माणसांना सोबत पुरण्याची प्रथा बंद केली. माणसाच्या जागी मातीचा माणूस आला, ही सुधारणाच होती. तरीही कन्फ्यूशियसच्याच परंपरेतल्या मेंसियसने त्याचे जे शब्द नोंदवले आहेत ते शापासारखे आहेत: ज्याने पहिल्यांदा थडग्यासाठी माणसाची प्रतिमा घडवली, त्याचा निर्वंश होवो. प्रतिमा फार हुबेहूब झाली की तिच्या जागी खरा माणूस ठेवण्याची वाट पुन्हा मोकळी होते, असे भय त्यामागे असावे, असे मला वाटते. ज्या चिन राज्याने ती प्रथा बंद केली, त्याच राज्याच्या सम्राटाची सर्वांना ठाऊक असलेली मातीची सेना इ.स.पू. 210 मध्ये जमिनीखाली उभी राहिली. आणि सम्राटाच्या ज्या स्त्रियांना मूल नव्हते त्यांना त्याच वेळी मारून पुरण्यात आले, असे हान काळातला इतिहासकार सिमा छ्यान याने लिहून ठेवले आहे. कन्फ्यूशियसचे भय अनाठायी नव्हते.

त्या सेनेविषयी मी इथे अधिक लिहिणार नाही. तिच्याविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत, आणि माझा जीव तिच्यानंतर आलेल्या लहान वस्तूंत गुंतला आहे.

हान काळात, म्हणजे इ.स.पू. 206 ते इ.स. 220 या चारशे वर्षांत, थडग्यातले सामान बदलत गेले. आधी काशाची पूजापात्रे असत, यज्ञाची, मद्याची, प्रतिष्ठेची. मग हळूहळू तिथे घर येऊ लागले. चूल आली. विहीर आली. धान्याची कोठारे आली, जाते आले, पायाने दाबून चालवायचे उखळ आले, कोंबड्या, कुत्रे, बदके आणि डुकरांचा गोठा आला. हे सगळे हातभर किंवा वीतभर उंचीचे, मातीचे, आणि पुष्कळदा शिशाच्या हिरव्या झिलईने माखलेले. या झिलईत शिशाचे प्रमाण निम्म्याहून अधिक असू शकते. तांब्यामुळे तिला हिरवा रंग येतो आणि लोहामुळे तपकिरी. ती कमी तापमानाला वितळते, म्हणून स्वस्तात चकाकते. पण रोजच्या जेवणात असे भांडे वापरणे घातक ठरते. ही झिलई प्रामुख्याने मृतांच्याच वाट्याला आली. शेकडो वर्षे ओल्या मातीत राहिल्यामुळे तिच्यावर एक अतिशय पातळ, पापुद्र्यांची थर धरलेली साय जमते आणि हिरव्यावर चंदेरी झाक येते. संग्रहालयात अशा भांड्याभोवती दोन पावले फिरले की ती झाक जागा बदलते. कुंभाराने ती दिलेली नव्हती. ती जमिनीने दिली.

या वस्तूंतली चूल मी जवळून, काचेला नाक लावून पाहिली आहे. तिच्या पुढच्या बाजूला जाळ घालायचे चौकोनी तोंड आहे, मागे धुराडे आहे, वर भांडी ठेवायची गोल भोके आहेत आणि त्यांवर इवलीशी पातेली बसवलेली आहेत. वरच्या सपाट भागावर साच्यातून उठावाने काढलेले मासे आहेत, शेजारी पळी आहे, सुरी आहे, आकडा आहे. म्हणजे स्वयंपाक अर्धा झालेला आहे. मासे कापायला काढले आहेत, पळी हाताशी आहे, आणि चुलीच्या तोंडाशी काही नमुन्यांत एक बसलेले माणूसही उठावाने दाखवलेले असते, काटक्या आत सारणारे. या माणसाची उंची माझ्या अंगठ्याएवढी असेल. विहिरीचे नमुनेही असेच असतात. गोल कठडा, त्यावर दोन खांबांची चौकट, वर छोटे छप्पर, त्याखाली दोराची कप्पी, आणि काठावर ठेवलेला पोहरा. पोहरा काठावर आहे याचा अर्थ कुणीतरी नुकतेच पाणी शेंदले आहे किंवा आता शेंदणार आहे. डुकरांच्या गोठ्याला चार बाजूंनी भिंत असते, एका कोपऱ्यात पायऱ्या चढून वर जायचा संडास असतो, आणि खाली अंगणात एक डुकरीण आडवी पडलेली असते, तिच्या पोटाशी पिलांची रांग लागलेली. शेतीतले खत कसे तयार होत होते हे त्यातून अभ्यासकांना समजते, आणि ते महत्त्वाचेच आहे. मला मात्र त्या पायऱ्यांनी थांबवले. थडग्यात ठेवायच्या संडासाला पायऱ्या करणाऱ्या माणसाने विचार केला होता की चढायचे कसे.

मेलेल्या माणसाला पुढच्या जगात काय लागेल, असा प्रश्न आज कुणी मला विचारला तर मी कदाचित मोठ्या गोष्टी सांगेन. हान काळातल्या त्या कुटुंबांनी पाणी, जाळ, धान्य आणि शौचाची सोय सांगितली. आजारी माणसाची वर्षानुवर्षे शुश्रूषा केलेली माणसेच अशी यादी करू शकतात, असे मला वाटते. औषध संपले, उपाय संपले, तरी पाणी हवे का, भूक लागली का, बाहेर जायचे आहे का, हे प्रश्न शेवटपर्यंत सुटत नाहीत. ते प्रश्न विचारायची सवय जडलेली असते आणि माणूस गेल्यावरही ती एकदम थांबत नाही.

लोयांग या जुन्या राजधानीजवळच्या शाओकोउ इथल्या हान थडग्यांचे उत्खनन 1953 मध्ये झाले. तिथे धान्यकोठाराच्या आकाराचे मातीचे रांजण निघाले आणि त्यांतल्या काहींच्या अंगावर कुंचल्याने अक्षरे लिहिलेली होती. "बाजरी, दहा हजार शी." "गहू, दहा हजार शी." शी हे धान्याचे माप, साधारण वीस लिटरचे. म्हणजे दोन लाख लिटर धान्य; आणि ते ज्यावर लिहिले आहे तो रांजण काखेत धरून उचलता येईल एवढा. काही रांजणांत धान्याचे अवशेषही मिळाले आहेत, मूठ दोन मूठ. माझ्या मते थडग्यातल्या मातीकामाचे सारे मर्म या एका रांजणात आहे. लिहिणाऱ्याला रांजण केवढा आहे हे दिसत होते. त्यात किती मावते हे तो रोज मापत होता. त्या काळातल्या गावात माणसे कर्ज काढत, जमीन विकत. आणि कुंचला हातात घेतल्यावर त्याने दहा हजार लिहिले. त्याने फसवले असे मला वाटत नाही. जिवंतपणी कमी पडले असेल ते आता कधीच कमी पडू नये, एवढेच त्याला म्हणायचे होते.

राजघराण्याने तोच विचार वेगळ्या रीतीने केला. हान सम्राट जिंग इ.स.पू. 141 मध्ये वारला. त्याचे यांगलिंग नावाचे समाधिस्थान शीआनजवळ आहे. 1990 मध्ये विमानतळाचा रस्ता बांधताना तिथले खंदक उजेडात आले. आता तिथे जमिनीखालचे संग्रहालय आहे आणि काचेच्या फरशीवरून चालत खाली पाहता येते. त्या खंदकांत रांगाच्या रांगा आहेत, मेंढ्यांच्या, डुकरांच्या, कुत्र्यांच्या, एकाच दिशेला तोंड करून उभ्या असलेल्या. आणि माणसे आहेत, सुमारे 60 सेंटिमीटर उंचीची, सडपातळ, नग्न, आणि हात नसलेली. घडवली तेव्हा ती अशी नव्हती. त्यांना लाकडाचे हालणारे हात होते आणि अंगावर खऱ्या रेशमाचे, तागाचे कपडे होते. लाकूड कुजले, कापड विरले, आणि दोन हजार वर्षांनी माती तेवढी राहिली. खांद्यांच्या जागी गोल भोके दिसतात. छायाचित्रांत ही माणसे विलक्षण आधुनिक शिल्पांसारखी दिसतात आणि तशी ती छापलीही जातात. ते सौंदर्य मलाही जाणवते, पण त्यासोबत एक संकोचही वाटतो. कुणीतरी त्यांना कपडे शिवले होते. लहान मापाचे, बटबटीत न दिसणारे, बाह्या हालतील असे. ते शिवणारे हात बहुधा स्त्रियांचे असतील आणि त्यांचे काम पूर्ण नाहीसे झाले आहे. आपण पाहतो ते आतले, झाकण्यासाठी असलेले शरीर.

तांग काळाकडे वळताना मला पुन्हा त्या घोड्याकडे यावे लागते, कारण तो जिथून आला तिथल्या कुंभारांचे कसब थक्क करणारे आहे. होनान प्रांतातल्या कोंगयी इथल्या भट्ट्यांत पांढरट माती साच्यांत दाबून धड, पाय, मान वेगवेगळे काढत, मग पातळ चिखलाने जोडत आणि सांधे सुरीने खरवडून नाहीसे करत. पहिली भाजणी झिलईशिवाय व्हायची. मग शिशाच्या झिलईत तांबे, लोह आणि क्वचित महागडे कोबाल्ट मिसळून ती कुंचल्याने लावायची आणि कमी आचेवर दुसरी भाजणी करायची. आचेत झिलई पातळ होऊन वाहते, रंग एकमेकांत शिरतात, आणि कुंभाराला तिला कुठे थांबवायचे हे फक्त अंदाजाने ठरवता येते. घोड्याच्या छातीवरचा तो दुधी थेंब असा थांबलेला होता. माणसांच्या आकृत्यांत चेहऱ्यावर मात्र झिलई लावत नसत. ती डोळ्यांवरून वाहिली असती. चेहरा कोरा ठेवून, भाजणी झाल्यावर, त्यावर पांढरा लेप देऊन भुवया, ओठ, गालांवरची लाली न भाजता लावायच्या रंगांनी काढत. आज बहुतेक आकृत्यांची वस्त्रे अजून झळाळतात आणि चेहरे फिके पडले आहेत, ते यामुळे.

ब्रिटिश म्युझियममध्ये तांग सेनापती लिऊ तिंगश्युन याच्या थडग्यातल्या मानल्या जाणाऱ्या 13 आकृत्या एका रांगेत उभ्या आहेत. हा सेनापती इ.स. 728 मध्ये वारला. उंट आहेत, घोडे आहेत, त्यांचे मोतद्दार आहेत, लांब बाह्यांचे अधिकारी आहेत, थडग्याची राखण करणारे शिंगांचे विचित्र प्राणी आहेत; आणि त्यांच्यामध्ये चिलखत घातलेले दोन रक्षक आहेत, ज्यांना भारतीय माणूस थबकून पाहतो. ते लोकपाल आहेत. बौद्ध धर्माबरोबर आपल्याकडून निघालेले दिशांचे रक्षक मध्य आशियातून चालत लोयांगपर्यंत पोचले आणि एका चिनी सेनापतीच्या कबरीच्या दाराशी उभे राहिले. त्यांच्या उंचीएवढ्या आकृत्या भाजणे सोपे नव्हते आणि स्वस्त तर मुळीच नव्हते.

आणि इथेच माझ्या मनातल्या चित्राला तडा गेला. तोवर मी या वस्तूंचा विचार करताना असे धरून चालले होते की त्या कुणीही पाहू नयेत म्हणून घडवल्या गेल्या. कुंभाराने जीव ओतायचा आणि ते काम कायमचे अंधारात जायचे. तांग काळातल्या नोंदी वेगळे सांगतात. अंत्ययात्रेत या आकृत्या रस्त्यावरून मिरवत नेल्या जात. आठव्या शतकाच्या सुरुवातीला तांग शाओ नावाच्या अधिकाऱ्याने दरबाराकडे तक्रार केली होती की सरदार आणि अधिकारी मातीची माणसे व घोडे जिवंत वाटावेत इतके सजवतात, तेही केवळ वाटसरूंचे डोळे दिपवण्यासाठी. त्यात मनापासूनचा आदर नाही. शासनाने संख्येला मर्यादाही घातल्या होत्या. तिसऱ्या दर्जाच्या आणि वरच्या अधिकाऱ्याला 90 वस्तू, पाचव्याला 60, नवव्याला 40. इ.स. 741 च्या आदेशाने त्या 70, 40 आणि 20 वर आणल्या, आणि सामान्य लोकांना 15, त्याही साध्या मातीच्या. आदेश पुन्हा पुन्हा काढावे लागले, यावरून ते कितपत पाळले जात असतील ते कळते.

म्हणजे घोडा एक दिवस पाहिला गेला होता.

हे कळल्यावर मला आधी वाईट वाटले, मग थोडे हायसे वाटले. वाईट वाटले, कारण शोकात मिरवणूक शिरली होती, आणि ती कुठल्या समाजात शिरत नाही. हायसे वाटले ते कुंभारासाठी. त्याच्या भट्टीतून निघालेली हिरवी, पिवळी, दुधी जनावरे लोयांगच्या वेशीबाहेर उन्हात निघाली असतील. रस्त्याच्या कडेला पोरे धावली असतील. उंटाच्या आ वासलेल्या तोंडाकडे कुणी बोट दाखवले असेल. त्या एका दिवसासाठी तरी त्या रंगांवर ऊन पडले. तांग शाओची तक्रार योग्य होती आणि तरीही मला त्या वाटसरूंविषयी कृतज्ञता वाटते.

लोयांगच्या उत्तरेला मांग नावाची लांबच लांब टेकडी आहे. जगावे ते सूचौ-हांगचौला आणि पुरावे ते मांगच्या टेकडीवर, अशी म्हण चीनमध्ये आहे. तिथली माती घट्ट, पिवळी आणि उंचावरची, म्हणून कित्येक राजघराण्यांनी तिथेच जागा धरली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्या भागातून लोहमार्ग जाऊ लागला आणि खोदकामात थडगी फुटली. मजुरांनी आणि गावकऱ्यांनी तिरंगी झिलईच्या आकृत्या फोडल्या किंवा टाकून दिल्या, कारण मृताचे सामान घरात आणणे अशुभ. चिनी संग्राहकही काशाची पात्रे आणि शिलालेख मागत. मातीच्या माणसांना बाजारात मोल नव्हते. पेइचिंगच्या, म्हणजे बीजिंगच्या, जुन्या बाजारात लुओ झेन्यू या विद्वानाने त्या पाहिल्या, ओळखल्या, आणि विक्रेत्यांना सांगितले की आणखी आणा. त्यानंतर परदेशी संग्राहक आले, भाव आले, आणि भावांबरोबर चोर आले. अर्धगोल नळीसारख्या पात्याचे फावडे लांब दांड्याला लावून ते जमिनीत ठोकायचे, वर काढायचे आणि पात्यात अडकलेली माती पाहून खाली थडगे आहे की नाही ते ओळखायचे, ही हातोटी लोयांगच्या थडगेचोरांनी सिद्ध केली. आज तेच लोयांग फावडे पुरातत्त्वज्ञ वापरतात. टाकून दिलेल्या वस्तूंची जागा लुटलेल्या वस्तूंनी घेतली. लुओ झेन्यूने त्या ओळखल्या नसत्या तर कदाचित आणखी कित्येक फुटल्या असत्या. ओळखल्या म्हणून कित्येक थडगी रिकामी झाली. यातले कोणते नुकसान मोठे, हे मला ठरवता येत नाही.

चोराने काढलेल्या घोड्याचा मालक कळत नाही. त्याच्या शेजारी कोणता शिलालेख होता, तो कोणत्या दिशेला तोंड करून उभा होता, त्याच्यासोबत मोतद्दार होता की नाही, हे सारे खणतानाच नष्ट होते. त्या रात्री पाहिलेल्या घोड्याविषयी प्रयोगशाळेचा कागद एवढेच सांगत होता की तो खरोखर जुना आहे. तो कुणाचा, हे सांगणारे कुणी नव्हते. मेंगजिनजवळच्या नानशीशान गावात आजही कुटुंबेच्या कुटुंबे असे तिरंगी घोडे करतात, तीच माती, तेच साचे, तीच ओघळणारी झिलई. ते घोडे कुणाच्याही थडग्यातून आलेले नसतात आणि दिवाणखान्यात ठेवण्यासाठीच केलेले असतात. मला घ्यायचाच झाला तर मी तिथला घेईन, आणि हे मी त्या यजमानांनाही पत्रात लिहिले. त्यांनी सभ्य उत्तर पाठवले. त्यांचे म्हणणे असे की निदान त्यांच्याकडे तो सुरक्षित आहे. तेही खोटे नाही.

या सगळ्या मातीकामात मला सर्वांत प्रिय असलेली आकृती राजाची नाही, घोड्याची नाही, आणि तिच्यावर झिलईही नाही. 1957 मध्ये सिचुआन प्रांतातल्या चेंगडूजवळच्या तिआनहुई टेकडीवर, हान काळाच्या उत्तरार्धातल्या एका थडग्यात ती सापडली. सध्या ती पेइचिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. उंची 56 सेंटिमीटर. एक जाडजूड माणूस बसला आहे, डोक्याला फडके गुंडाळलेले, वरचे अंग उघडे, पोट सुटलेले. डाव्या बगलेत एक चपटा ढोल दाबलेला आणि उजव्या हातात वर उगारलेली टिपरी. उजवा पाय त्याने हवेत असा फेकला आहे की अनवाणी तळवा समोर येतो. कपाळावर आठ्यांच्या रेषा, डोळे मिटत आलेले, तोंड कानापर्यंत फाकलेले. तो कथेकरी आहे, ढोल वाजवत गोष्टी सांगणारा, आणि त्याच्या गोष्टीतली हसायची जागा नेमकी आत्ता आली आहे. पोटाच्या वळ्या मातीत अशा काढल्या आहेत की हसण्याचा हिसका तिथपर्यंत उतरलेला दिसतो.

कुटुंबाने थडग्यात कोणते सामान ठेवायचे याचा विचार करताना कुणीतरी म्हणाले असेल की यांना गोष्टी आवडायच्या, तर गोष्टी सांगणारा बरोबर द्या. मेलेल्याला हसवायला माणूस पाठवणे मला त्या दहा हजार शी बाजरीइतकेच समजूतदार वाटते. आणि ही एकाच घरची लहर नव्हती. 1963 मध्ये चेंगडूजवळच्याच पीश्येन इथल्या थडग्यात दुसरा कथेकरी निघाला. हा उभा आहे, ढोल हातात धरून, गुडघे वाकवून, जीभ ओठाशी काढून वेडेवाकडे तोंड करणारा. या भागातल्या इतर थडग्यांतूनही त्यांचे भाऊबंद मिळाले आहेत. म्हणजे हानकालीन सिचुआनच्या कुंभाराकडे लोक जात तेव्हा चूल मागत, विहीर मागत, कोंबडी आणि कुत्रा मागत, आणि गोष्टी सांगणारा आहे का, असेही विचारत.